सांबप्पांची रशियन

बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचे दात पाहते, मग खूर, मग चाल. सेलूचे सांबप्पा मात्र आधी विकणाऱ्याला विचारत, "कुठल्या गावचा म्हणायचा?" गाव उदगीर, भालकी, बिदरकडचे निघाले की ते बैलाच्या कानाशी तोंड नेत आणि आईकडून मिळालेल्या कन्नडातले दोनचार शब्द हळूच बोलत. बैलाने कान वळवला तर सौदा पुढे सरकायचा. नाहीतर सांबप्पा चहा पिऊन घरी परतायचे.

माझ्या वडिलांनी, व्यंकटरावांनी, एकदा असाच तिकडचा एक देवणी बैल आणला. औताला जुंपल्यावर तो जागचा हलेना. चाबूक झाला, पेंड दाखवून झाली, कोणीतरी अंगारा लावून गेले. शेवटी शेजारच्या शेतातून सांबप्पा बांध ओलांडून आले. त्यांनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि कन्नडात 'चल' म्हणाले, "नडी. नडी, नडी." बैल चालू लागला.

"रुसला नव्हता त्यो, व्यंकटराव," ते वडिलांना म्हणाले. "परमुलखात आलाय. तुमी काय म्हणायलात ते त्याला कळंना, आन् कळंना म्हणून तुमी त्याला मारायलात."

तो बैल मरेपर्यंत वडील त्याच्याशी कन्नडात बोलले. गल्लीत थट्टा होई. वडील ती सहन करत. परमुलखातल्या जनावराशी त्याच्या मुलखाची बोली बोलावी, ही गोष्ट आमच्याकडे सांबप्पांच्या नावावर कायमची जमा झाली. पुढचे सारे याच गोष्टीतून निघाले, म्हणून ती आधी सांगितली.

सांबप्पांचे आयुष्य जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेले. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी बोटांनी सांगायची, हे त्यांचे काम. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा. त्या सदऱ्यावर हंगामात कायम कापसाचे तंतू चिकटलेले असत. निवृत्त झाल्यावर पाथरी रस्त्याकडची थोडी शेती, घरामागचा गोठा आणि पत्नी उमादेवी एवढाच त्यांचा संसार उरला. बैल विकले गेले होते. मुलगा पंकज नोकरीसाठी बायको शिवरंजनीसह पुण्याला होता. तो फोन कमी करत असे आणि सांबप्पांना फोनवर काय बोलावे ते सुचत नसे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी सरल्यावर पंकज मोटारीतून एक कुत्रा घेऊन आला. लांडग्यासारखा, करड्या-पांढऱ्या दाट केसांचा, डोळे फिकट निळे. गल्लीतल्या बायकांनी त्या डोळ्यांकडे पाहून पदर तोंडाला लावला.

"काही महिने ठेवा, अप्पा," पंकज म्हणाला. "शिवरंजनीला दिवस गेलेत. डॉक्टर घरात केस नकोत म्हणतात. बाळ थोडं मोठं झालं की घेऊन जाईन. आल्फा नाव आहे त्याचं. रशियातली जात आहे, सायबेरियातली. बर्फात गाड्या ओढतात हे."

"गाड्या ओढतंय?" सांबप्पांनी विचारले.

"हो. आठआठ, दहादहा जुंपतात."

सांबप्पा कुत्र्याभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी छाती पाहिली, पाय पाहिले. गाडी ओढणारे जनावर म्हटल्यावर तो त्यांच्या मनात कुत्रा राहिला नाही. बाजारातला आपला पहिला प्रश्न मात्र या खेपेला त्यांनी विचारला नाही. उत्तर आधीच मिळाले आहे, असे त्यांना वाटले.

पंकज दुसऱ्या दिवशी निघून गेला. कुत्रा गोठ्याच्या दाराशी रस्त्याकडे तोंड करून बसला, तो तसाच बसून राहिला. सोबत आलेल्या खाद्याची पिशवी संपली. भाकरी-दूध त्याने हुंगले आणि सोडले. वडिलांनी सुचवले, "अप्पा, मांस खाणारं जनावर हाय. अंडी तरी द्या." सांबप्पांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडे आले नव्हते. तरीही ते बाजारात गेले, कागदात गुंडाळून अंडी आणली, गोठ्यामागे तीन दगडांच्या चुलीवर स्वतः उकडली, सोलली आणि कुत्र्यापुढे ठेवली. मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली. उमादेवी दारातून हे सारे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं. तुमाला जमलं, तर करा."

कुत्र्याने अर्धे अंडे खाल्ले आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केले.

"पंकज येईस्तोवर ह्यो जगला पायजे," सांबप्पा वडिलांना म्हणाले. त्यांना दुसरे काही नको होते. कुत्रा असेल तर पंकज येणार होता, त्याला न्यायला तरी येणार होता. हे त्यांनी उघड कधी म्हटले नाही. म्हणायची गरजही नव्हती.

"मग आता?"

"आता काय. परमुलखात आलाय. आमी काय बोलायलो ते त्याला कळंना."

वडिलांना हसू आले. "अप्पा, रशियाची बोली कोण बोलतंय इथं? सेलूत का सोनपेठात?"

बोलणारे एक माणूस सेलूतच होते. मागच्या गल्लीतले धम्मदीप एसटीत कंडक्टर होते. त्यांची मुलगी रोहिणी रशियात सहा वर्षे राहून डॉक्टर होऊन परतली होती. तिकडे शिकून आलेल्यांना इकडे दवाखाना चालवण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तीत मात्र ती पास झाली नाही. तिसऱ्या खेपेनंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. आधी सारे तिला 'डॉक्टर' म्हणत. मग कोणी काहीच म्हणेना.

सांबप्पा त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा धम्मदीप ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते.

"शरणार्थ. पोरीकडं काम व्हतं," सांबप्पा हात जोडून म्हणाले. "मला रशियन शिकायची हाय."

धम्मदीपांनी वर्तमानपत्राची घडी केली. "थट्टा करायला समदं गाव हाय, अप्पा. तुमी तरी नका करू."

"थट्टा न्हाई. जनावर मरायलंय माझं."

आतल्या खोलीचे दार उघडले आणि रोहिणी बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे झोपेचे, वेळ दुपारची. तिने सगळे ऐकले होते.

"अप्पा, मला दवाखान्यातलीच येते," ती म्हणाली. "पेशंटला विचारायची. कुठं दुखतंय, श्वास घ्या, तोंड उघडा, असली. कुत्र्याशी काय बोलतात तिकडं, ते मी कधी ऐकलं नाही."

"मग चांगलंच हाय की, माय. दुखणंच इचारायचंय."

रोहिणी हसली. ती बऱ्याच महिन्यांनी हसली, असे धम्मदीपांनी नंतर माझ्या वडिलांना सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी गोठ्यात येऊ लागली. सांबप्पांनी तिच्यासाठी घरातली लोखंडी खुर्ची गोठ्यात ठेवली. स्वतः ते उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसत. गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीवर ते कोळशाने शब्द लिहीत. इदी स्युदा, म्हणजे इकडे ये. येश, म्हणजे खा. वदा, म्हणजे पाणी. नि बोयस्या, म्हणजे भिऊ नको. ग्द्ये बलीत, म्हणजे कुठे दुखते. आणि पत्येर्पी, म्हणजे थोडे सोस. रोहिणीच्या रशियातल्या वॉर्डात एक म्हातारी नर्स होती. सुई टोचताना, टाके घालताना, वेदनेने ओरडणाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून ती एवढेच म्हणायची. रोहिणीला तो शब्द सगळ्यांत आधी पाठ झाला होता.

"जीभ टाळूला लावा, अप्पा. पत्येर्पी."

"पत्तेरपी."

"जवळ आलात."

"आता माझी जीभ काय ऐकती, माय? तिनं समदी उमर 'माल वला हाय, भाव पडंल' एवढंच म्हणलंय."

गल्लीला करमणूक मिळाली. कोणी गोठ्यावरून जाताना विचारी, "अप्पा, कवा निघायचं रशियाला?" कोणी म्हणे, "उमाकाकूला बी शिकवा, भांडायला बरं." सांबप्पा वर पाहत नसत. रोहिणीला सुरुवातीला लाज वाटे. मग तीही वाटेनाशी झाली. सांबप्पा तिला 'मास्तरीणबाई' म्हणू लागले होते. गल्लीतल्या कोणी तिला काही म्हणून हाक मारून बरेच दिवस झाले होते.

याच काळात थंडी पडली. पौषातल्या एका सकाळी शेतावर धुके इतके उतरले होते की बांधावरचा पळस दिसत नव्हता. सांबप्पा कुत्र्याला घेऊन हरभऱ्याच्या कडेने चालले होते. त्यांनी साखळी सोडली आणि आपल्या जड जिभेने म्हटले, "इदी स्युदा." कुत्रा थांबला, कान उभे केले आणि धुक्यातून पळत त्यांच्याकडे आला. मग पुन्हा दूर गेला, पुन्हा आला. ओल्या हरभऱ्यात लोळला. घरी परतल्यावर त्याने पुढ्यातले सगळे खाल्ले.

सांबप्पा थेट आमच्या घरी आले. "ऐकायलाय," ते म्हणाले. त्यांचा सदरा दवाने भिजला होता. "व्यंकटराव, त्यो ऐकायलाय."

ही थंडीची किमया होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आले असते तरी सांबप्पांनी ते मानले नसते. बैल 'नडी' म्हटल्यावर चालला होता; कुत्रा 'इदी स्युदा' म्हटल्यावर आला. आयुष्यात जे एकदा खरे ठरले होते, ते दुसऱ्यांदा खरे ठरताना त्यांनी पाहिले.

त्यानंतर त्यांनी घरात एक नियम केला. कुत्र्यापुढे मराठी बोलायची नाही. दोन बोल्या कानावर पडल्या की जनावर दोन्ही सोडते, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः ते गोठ्यात शिरले की मराठी सोडत. चार-सहा शब्द जाणणारा माणूस दिवसभरात किती बोलणार? त्यामुळे गोठ्यात बहुतेक वेळ शांतताच असे.

उमादेवींना हा नियम पाळता येत नव्हता. माघ सरता सरता एकदा दुपारी सांबप्पा शेतातून लवकर परतले, तेव्हा त्या गोठ्याच्या सावलीत सुपात तूर निवडत बसल्या होत्या. कुत्रा त्यांच्या पायांवर डोके ठेवून पडला होता, आणि त्या बोलत होत्या.

"...तर माझी बहीण म्हणली, मला न्हाई यायचं तुझ्याकडं, तुझ्याकडं ऊन लय. आता ऊन मी आणलं का रे? आँ? तूच सांग. मी आणलं का?"

कुत्र्याची शेपटी जमिनीवर एकदा हलली.

"पंकजची आई," सांबप्पा दारातूनच म्हणाले. "काय करायलीस? इतकं शिकवलेलं इसरंल ना त्यो."

"म्या काय केलं? माझ्या पायाशी त्योच आला."

"पायाशी येऊ दी. बोलू नको त्याच्याशी."

उमादेवींनी सूप उचलले आणि त्या आत गेल्या. पुन्हा त्या गोठ्यात बसल्या नाहीत. पाणी ठेवायच्या, गोठा झाडायच्या, आणि कुत्र्याकडे न पाहता निघून यायच्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि हा शब्द कुत्र्याच्या जिवासाठीच होता.

महाशिवरात्र झाली आणि ऊन चढू लागले. कुत्रा पुन्हा खाईनासा झाला. तो धापा टाकत गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात पडून राहू लागला. हाक मारली तर कान हलवी, पण उठत नसे. सांबप्पांनी कूलर आणून गोठ्यात लावला. पण वीज सकाळी जायची ती दुपार उलटून यायची. त्यांनी भिजवलेली पोती अंथरली. आणि आपलीच विद्या कमी पडते आहे असे समजून ते रोहिणीकडे अधिक शब्द मागू लागले.

"ऊन जाईल, असं कसं म्हणायचं? तुझा मालक येणार हाय, असं?"

"अप्पा, त्याला गरम होतंय," रोहिणी म्हणाली. "शब्दांनी काय होणार? त्याला थंड ठिकाणी पाठवा. पंकजला फोन करा."

"केला व्हता. उचलला न्हाई. कामात असंल."

"पुन्हा करा."

"करतो." ते भिंतीकडे वळले. "त्यवढं सांग. मालक येणार हाय."

तिने सांगितले. त्यांनी ते भिंतीवर लिहिले.

चैत्रात आमच्याकडे म्हशी भादरतात. उन्हाळ्याच्या तोंडावर अंगावरचे केस वस्तऱ्याने उतरवले की म्हशीला वारा लागतो, डबक्यात बसली की चिखल अंगाला धरतो, आणि ती उन्हाळा काढते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे आणि त्यात चूक काहीच नाही. म्हशी भादरणारा माणूस गल्लीत आला, तेव्हा सांबप्पांनी त्याला गोठ्यात बोलावले.

"ह्याचे बी काढ. लय दाट हायेत."

रोहिणी तेव्हा तिथेच होती. तिला ते बरे वाटले नाही. पण का, हे तिला सांगता येईना. तिचे शिक्षण माणसांचे. शिवाय तीनदा नापास झालेल्या माणसाला आपल्याला काही कळते, हे म्हणण्याचा धीर राहत नाही. ती कुत्र्याच्या डोक्याशी बसली. त्याच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणत राहिली, "पत्येर्पी, पत्येर्पी." सांबप्पाही तेच म्हणत होते. कुत्र्याने विरोध केला नाही.

केसांचा ढीग पडला. सांबप्पांनी सवयीने त्यातला एक झुबका उचलला, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढला आणि थांबले.

"ह्यात दोन माल हायेत," ते म्हणाले. "वरचा येगळा, लांब. आतला येगळा, मऊ." त्यांनी पुन्हा ओढून पाहिला. "दोन कशाला दिले असतील?"

भादरणारा वस्तरा पुसत होता. सांबप्पांनी झुबका ढिगात टाकला.

वैशाखाच्या सुरुवातीला कुत्र्याच्या पाठीवर लाल चट्टे उठले, मग त्यांचे फोड झाले. एके दिवशी भर दुपारी वीज नसताना तो उठून उभा राहिला, दोन पावले भिंतीकडे चालला आणि आडवा झाला. सांबप्पांनी रोहिणीला हाक मारली. ती अनवाणी पळत आली. तिने त्याच्या मांडीत बोटे घालून नाडी पाहिली, घरोघरून बर्फ मागवला, तो फडक्यात घालून काखेत आणि पोटाखाली दाबला, ओठांवर पाण्याचे थेंब सोडले. तिचे हात त्या वेळी जराही चुकत नव्हते, असे वडील सांगतात. ती सांबप्पांना सूचना देत होती आणि सांबप्पा त्या पाळत होते.

"ग्द्ये बलीत?" सांबप्पा मधूनमधून कुत्र्याला विचारत होते. "ग्द्ये बलीत, बाळा?"

'बाळा' हा शब्द मराठीत निसटला. त्यांच्या ध्यानात आला नाही.

जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांनी कुत्र्याची पाठ पाहिली.

"केस कोणी काढले?"

"आमीच काढिवले," सांबप्पा म्हणाले. "उन्हाळ्याचं म्हशीचे काढत्यात, तसे."

"म्हशीला चिखल लागतो, अप्पा. याला केसांचाच आडोसा असतो. थंडीतही आणि उन्हातही." डॉक्टरांनी पिशवी बंद केली. "केस असते तरी जगला असता असं नाही. हा मुलूख याचा नव्हे."

"व्हय," सांबप्पा म्हणाले. "परमुलखातलाच व्हता."

माझ्या वडिलांनी आणि धम्मदीपांनी बांधावरच्या पळसाखाली खड्डा खणला. उन्हाने काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. कुदळ कधी भेगेत घुसे, कधी दगडासारख्या ढेकळावरून उसळे. सांबप्पांनी माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंकजला फोन लावला. उमादेवींना ऐकू यावे म्हणून स्पीकरवर ठेवला. वडीलही तिथे बसले होते. या खेपेला पंकजने फोन उचलला.

"अप्पा, मीटिंग आहे. पटकन सांगा."

"आल्फा गेला."

"कुठं गेला?"

"मेला, पंकज. काल."

पंकज म्हणाला, "तो अजून तुमच्याकडंच होता?"

"मग कुठं असणार?"

"मला वाटलं, तुम्ही कुणाला तरी देऊन टाकला असेल. अप्पा, बाळ असलेल्या घरात मी त्याला परत कुठं नेणार होतो? तुम्हाला कळलं असेल असं वाटलं मला. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मागची कटकट गेली."

सांबप्पांनी तो प्रश्न विचारला, जो ते आयुष्यभर सगळ्यांत आधी विचारत आले होते.

"त्यो जलमला कुठं व्हता?"

"कोण?"

"आल्फा."

"चाकणला. तिथं एक माणूस विकतो. पत्र्याच्या शेडमध्ये खूप होती त्याच्याकडं."

"रशियातून न्हाई आला?"

"नाही हो अप्पा," पंकज हसला. "जात रशियाची. तो तिथलाच, चाकणचा. त्याची आई पण तिथंच होती, मी बघितलीय."

"त्यो माणूस बोलायचा काय त्यांच्यासंगं?"

"म्हणजे?"

"कुत्र्यांसंगं. कोणत्या बोलीत बोलायचा?"

"मराठीतच. दुसऱ्या कोणत्या बोलणार? अप्पा, मी नंतर फोन करतो."

फोन बंद झाला. वडील उठून जायला निघाले, पण उमादेवी बोलल्या म्हणून दारात थांबले.

"म्हंजी त्याला कळायचं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "म्या बोलायचे ते त्याला कळायचं."

सांबप्पांनी होकारार्थी मान हलवली. त्या आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. मग तो आवाजही थांबला.

रोहिणी तरीही रोजच्या वेळी गोठ्यात आली. लोखंडी खुर्ची होती तिथेच होती. पोती वाळून कडक झाली होती. भिंतीवर कोळशाचे शब्द खालपासून वरपर्यंत होते, आणि सगळ्यांत वर, घमेल्यावर उभे राहून लिहिलेले वाक्य होते, की तुझा मालक येणार आहे. सांबप्पा बादलीत चुना कालवून बसले होते, पण त्यांनी भिंतीला हात लावला नव्हता.

"उद्यापासून पाथरीला जाईन," रोहिणी म्हणाली. "एका औषधाच्या दुकानात जागा आहे. जीपने जाऊन-येऊन होईल."

"परीक्षा?"

तिने नकारार्थी मान हलवली. सांबप्पांनी पुन्हा विचारले नाही. बाहेर रस्त्यावरून कोणी गेले, पण आज कोणी थट्टा केली नाही.

मग रोहिणीने त्यांच्याकडे नीट पाहिले. त्यांची दाढी वाढली होती, कपाळावर विभूती नव्हती. वॉर्डात नव्या पेशंटसमोर बसावे तशी ती पुढे झुकली आणि तिने हळूच विचारले, "ग्द्ये बलीत, अप्पा?"

सांबप्पांनी भिंतीवरच्या त्या शब्दांकडे पाहिले.

"ह्याचं उत्तर तू शिकवलं न्हाईस, माय," ते म्हणाले. "कुत्र्याला इचारायचं व्हतं, म्हणून आमी नुसता सवालच शिकलो."

"उत्तर शब्दात नसायचं," रोहिणी म्हणाली. "तिकडं पेशंट हात ठेवायचे. जिथं दुखतं, तिथं."

सांबप्पांनी चुन्याने भरलेला उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आणला, मग कपाळाकडे नेला, मग खाली आणला. आयुष्यभर गाडीभर मालाची प्रत बोटांनी सांगणारा तो हात हवेत तसाच राहिला. कुठे ठेवावा, ते त्यांना ठरवता येईना.